यारा बिर्कलँड: खलाशी उतरण्याआधीच हाती आलेला फायदा

नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्सग्रुन शहराजवळच्या हेरोया येथे यारा इंटरनॅशनल या कंपनीचा खतांचा मोठा कारखाना आहे. तेथे तयार होणारे खत कंटेनरमध्ये भरून जवळच्या ब्रेव्हिक बंदरात नेले जाते आणि तेथून ते मोठ्या जहाजांवर चढते. पाण्याच्या मार्गाने हे अंतर सुमारे सात सागरी मैल, म्हणजे जेमतेम तेरा किलोमीटर आहे. तरीही वर्षानुवर्षे ही ने-आण डिझेलच्या ट्रकांनी होत होती आणि कंपनीच्याच हिशेबाप्रमाणे वर्षाला ४०,००० ट्रकफेऱ्या, म्हणजे दिवसाला शंभरावर फेऱ्या, वस्तीतल्या रस्त्यांवरून होत होत्या. मे २०१७ मध्ये याराने कोंग्सबर्ग या नॉर्वेजियन तंत्रज्ञान कंपनीसोबत जाहीर केले की या फेऱ्यांची जागा ‘यारा बिर्कलँड’ हे विजेवर चालणारे छोटे कंटेनर जहाज घेईल आणि काही काळाने त्या जहाजावर एकही माणूस नसेल. वेळापत्रकही सांगण्यात आले होते: २०१८ मध्ये खलाशांसह फेऱ्या, २०१९ मध्ये किनाऱ्यावरून दूरनियंत्रण आणि २०२० मध्ये पूर्ण स्वायत्तता.

हे वेळापत्रक पाळले गेले नाही. परंतु प्रकल्प फसला असेही म्हणता येत नाही, कारण जहाज बांधले गेले, नियमित फेऱ्या करू लागले आणि ट्रकांचा माल त्याने आपल्याकडे घेतला. मागे पडली ती खलाशी उतरवण्याची गोष्ट. मनुष्यरहित जहाजांविषयी गेल्या दशकभरात जे पुष्कळ बोलले गेले, ते तपासून पाहण्यासाठी या जहाजाइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही. येथे पैसा, तंत्रज्ञान, सरकारी पाठिंबा आणि शांत पाणी या चारही गोष्टी एकत्र होत्या, आणि तरीही शेवटचा टप्पा अवघड ठरला.

जहाजाला क्रिस्तियान बिर्कलँड या शास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने साम आइदे या अभियंत्याबरोबर विजेच्या ठिणगीच्या मदतीने हवेतला नायट्रोजन पकडून खत बनवण्याची पद्धत विकसित केली आणि त्यातूनच १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली. याराचा व्यवसाय याच कंपनीतून २००४ मध्ये वेगळा झाला. जलविद्युत मुबलक असलेल्या देशात विजेवर खत बनवणाऱ्या माणसाचे नाव विजेवर खत वाहणाऱ्या जहाजाला द्यावे, हे उचितच होते.

बांधणीचे कंत्राट ऑगस्ट २०१८ मध्ये वार्ड या जहाजबांधणी कंपनीला मिळाले. त्याचे मूल्य सुमारे २५ कोटी नॉर्वेजियन क्रोनर होते आणि एनोव्हा या सरकारी संस्थेने प्रकल्पाला १३ कोटी क्रोनरहून अधिक अनुदान दिले. सांगाडा रोमानियातील ब्राइला येथे तयार झाला, उरलेले काम नॉर्वेतील ब्रात्वोग येथे झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये जहाज याराच्या ताब्यात आले. मधल्या काळात कोविडच्या साथीमुळे प्रकल्प थांबवावा लागला होता. त्याच वेळी कंपनीने आणखी एक अडचण मान्य केली, आणि मला ती साथीपेक्षा महत्त्वाची वाटते: धक्क्यावरची स्वयंचलित मालहाताळणी ठरल्याप्रमाणे जमत नव्हती. नोव्हेंबर २०२१ मध्ये जहाज ओस्लोपर्यंत जाऊन आले, एप्रिल २०२२ मध्ये ब्रेव्हिक येथे त्याचा नामकरण समारंभ झाला आणि त्याच सुमारास खलाशांसह व्यापारी फेऱ्या सुरू झाल्या. तेव्हा दोन वर्षांच्या चाचणीनंतर स्वायत्ततेचे प्रमाणपत्र मिळेल असे सांगितले गेले. ती दोन वर्षे सरली तेव्हाही माणसे जहाजावरच होती.

माणसाचे काम आराखड्यातून कसे काढले गेले

यारा बिर्कलँड ८० मीटर लांब आणि सुमारे १५ मीटर रुंद आहे आणि त्यावर वीस फुटी १२० कंटेनर मावतात. त्याला डिझेल इंजिन नाही. सुमारे ७ मेगावॅट-तास क्षमतेच्या बॅटऱ्या आणि त्यांवर चालणारे, कोणत्याही दिशेला वळू शकणारे दोन प्रोपेलर मागे, तर आडव्या हालचालीसाठी दोन थ्रस्टर पुढे, अशी त्याची रचना आहे. नेहमीचा वेग सहा-सात नॉटच्या, म्हणजे ताशी सहा-सात सागरी मैलांच्या आसपास आहे. जहाजात स्थैर्यासाठी पाणी भरण्याच्या टाक्याही ठेवलेल्या नाहीत. बॅटऱ्यांचे वजनच ते काम करते.

ही यादी वरवर पाहता तांत्रिक तपशिलांची वाटते, पण जहाजावर काम केलेल्या कोणालाही तिचा खरा अर्थ लगेच कळेल. प्रत्येक तपशिलामागे खलाशाचे एकेक काम रद्द केलेले आहे. डिझेल इंजिन नाही, म्हणून इंधन गाळणारी यंत्रे, वंगणाची गळती, झिजलेले पंप आणि तापलेल्या नळ्या यांच्याकडे पाहणारा इंजिनविभाग लागत नाही. स्थैर्याच्या टाक्या नाहीत, म्हणून त्यांचे पंप आणि झडपा नाहीत. प्रवास तास-दोन तासांचा आहे, म्हणून राहण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर, पिण्याचे पाणी आणि सांडपाणी यांची व्यवस्था नाममात्र पुरते. धक्क्याला लागताना दोर फेकणारे आणि बांधणारे हात नकोत म्हणून यांत्रिक बाहूंनी जहाज बांधून घेण्याची व्यवस्था योजली गेली, आणि कंटेनर चढवण्या-उतरवण्यासाठी चालकाविना चालणाऱ्या क्रेन आणि वाहक गाड्या ठरल्या. इतकेच काय, सुकाणूघरही उचलून काढता येईल असे कल्पिले होते. स्वायत्तता सिद्ध झाली की ते धक्क्यावर उतरवायचे, असा बेत होता.

यातून एक गोष्ट लक्षात येते, आणि माझ्या मते हे प्रकरण अभ्यासण्याचे मुख्य कारणही हेच आहे. स्वायत्त जहाज म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सुकाणू येते: समोरून होडी आली तर संगणक काय करील, धुक्यात त्याला दिसेल का, वगैरे. पण जहाजावरच्या माणसांच्या कामात सुकाणूचा वाटा थोडाच असतो. उरलेले सगळे काम हातांचे असते, म्हणजे देखभालीचे, दुरुस्तीचे, बांधण्याचे, आवळण्याचे, साफ करण्याचे आणि आग लागली तर विझवण्याचे. यारा बिर्कलँडच्या रचनाकारांना हे पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी हात लागणार नाहीत असे जहाज आणि असा मार्ग निवडला. त्यामुळे या जहाजाचे यश कोणत्याही जहाजाला लागू करता येत नाही. ज्या जहाजातून हाताचे काम आधीच वजा करता येते, त्यालाच ते लागू होते.

दिसणे जमले, बिघडले की अडले

मार्ग शोधण्याचे आणि टक्कर टाळण्याचे तंत्र बरेच पुढे गेले आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. डिसेंबर २०१८ मध्ये फिनलंडमध्ये ‘फाल्को’ या ५४ मीटर लांबीच्या फेरीबोटीने पाराइनेन ते नाउव्हो हा प्रवास स्वतः केला आणि परतीचा प्रवास तुर्कू येथे बसलेल्या कप्तानाने दूरनियंत्रणाने केला. २०२२ च्या सुरुवातीला जपानमध्ये ‘सुझाकू’ हे कंटेनर जहाज टोकियो उपसागर आणि इसे उपसागर यांच्यामधील सुमारे ७९० किलोमीटरच्या फेरीत ९९ टक्के वेळ स्वायत्तपणे चालले, आणि तेही जगातल्या अत्यंत गजबजलेल्या पाण्यातून. त्याच वर्षी ‘प्रिझम करेज’ हे नैसर्गिक वायू वाहणारे मोठे जहाज अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून पनामा कालव्यामार्गे दक्षिण कोरियाला गेले आणि सुमारे २०,००० किलोमीटरांपैकी निम्मे अंतर स्वयंचलित प्रणालीने कापले. या सर्व प्रवासांत जहाजावर माणसे होती. त्यांची गरज किती वेळा पडली, यापेक्षा कोणत्या क्षणी पडली, हा प्रश्न अधिक कळीचा आहे.

खरोखर कोणीही नसताना महासागर ओलांडण्याचा प्रयत्न ‘मेफ्लॉवर’ या १५ मीटर लांबीच्या संशोधन नौकेने केला. प्रोमेअर ही संस्था आणि आयबीएम कंपनी यांचा हा प्रकल्प होता. जून २०२१ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथहून निघालेली ही नौका यांत्रिक बिघाडामुळे काही दिवसांतच परत आणावी लागली. एप्रिल २०२२ मध्ये ती पुन्हा निघाली. या वेळी जनरेटर सुरू करणाऱ्या व्यवस्थेतील बिघाडामुळे तिला आधी अझोर्स बेटांकडे वळावे लागले आणि पुढे विजेच्या दुसऱ्या एका अडचणीमुळे नियोजित मार्ग सोडून कॅनडातील हॅलिफॅक्स गाठावे लागले. तिची कृत्रिम बुद्धिमत्ता वाट चुकली नाही. अडले ते जनरेटरपाशी, आणि तेही अशा बिघाडापाशी की जहाजावर एखादा सामान्य इलेक्ट्रिशियन असता तर त्याने तो बहुधा जागच्या जागी दूर केला असता.

इंजिन रूममध्ये रात्री कोणी नसणे ही नवी गोष्ट नाही. कित्येक दशकांपासून असंख्य जहाजांवर रात्री यंत्रे एकटीच चालतात आणि अभियंते आपल्या खोल्यांत झोपतात. पण गजर वाजला की ते काही मिनिटांत खाली पोहोचतात आणि ही सारी व्यवस्था त्या काही मिनिटांच्या भरवशावर उभी आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला तेच अंतर कापायला हेलिकॉप्टर लागेल, नाहीतर कित्येक दिवस. हेरोया-ब्रेव्हिक मार्गावर बिघडलेल्या जहाजापर्यंत दुरुस्तीची बोट लवकर पोहोचू शकते, कारण किनारा दोन्ही बाजूंना दिसत असतो. मुंबईहून मोम्बासाला जाणाऱ्या जहाजाच्या बाबतीत हे शक्य नाही. म्हणूनच महासागरी जहाजे मनुष्यरहित करायची तर आधी इंजिन आणि पंप आठवडेच्या आठवडे हात न लावता चालतील इतके भरवशाचे करावे लागतील, सगळ्या यंत्रणा दुहेरी कराव्या लागतील, आणि त्या दुहेरीपणाचा खर्च जहाजमालकाला सोसावा लागेल.

आगीचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. कंटेनरमध्ये चुकीच्या नावाने भरलेला ज्वलनशील माल पेटल्याच्या घटना मोठ्या जहाजांवर वारंवार घडतात. अशा वेळी धूर कुठून येतो हे शोधणे, शेजारचे कंटेनर गार ठेवणे आणि पाण्याचा मारा योग्य ठिकाणी करणे हे काम खलाशी जिवावर उदार होऊन करतात. माणसाला या धोक्यातून बाहेर काढणे ही मनुष्यरहित जहाजांची सर्वांत प्रामाणिक बाजू आहे. पण ज्या जहाजावर माणूस नाही, तेथे आग लागली तर ती मालाला, इतर जहाजांना आणि किनाऱ्याला सोसावी लागते, हेही विसरता येणार नाही.

नियम माणसाला गृहीत धरतात

समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे आहेत. त्यांतील पाचवा नियम प्रत्येक जहाजाने सतत डोळ्यांनी आणि कानांनी योग्य टेहळणी ठेवावी असे सांगतो, तर दुसरा नियम नाविकांच्या नेहमीच्या शहाणपणाचा आधार घेतो. कॅमेरा आणि मायक्रोफोन म्हणजे डोळे आणि कान का, याचे उत्तर कदाचित होकारार्थी देता येईल. परंतु शहाणपणाचे निकष संगणकाच्या आज्ञावलीत कसे उतरवायचे, याचे उत्तर तितके सोपे नाही. ब्रेव्हिकजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत प्रवाह जोराचा असतो, बाजूने मोठी मालवाहू जहाजे जातात आणि उन्हाळ्यात शिडाच्या होड्या, मोटारबोटी आणि कयाक यांची गर्दी होते. हौशी नावाडी नेहमी नियमाप्रमाणे वागत नाही. अनुभवी कप्तान ते त्याच्या बसण्यावरून आणि त्याच्या नजरेवरून ओळखतो आणि आधीच वेग कमी करतो.

समुद्री कायद्याविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार प्रत्येक जहाज योग्य पात्रतेच्या कप्तानाच्या आणि अधिकाऱ्यांच्या ताब्यात असावे असे सांगतो. संकटातल्या माणसाला मदत करण्याचे कर्तव्यही तो कप्तानावर टाकतो. बुडणाऱ्या मच्छीमाराला मनुष्यरहित जहाज कसे वाचवणार? ते थांबू शकेल, ठिकाण कळवू शकेल, फार तर तराफा सोडू शकेल; पाण्यातून ओढून मात्र घेऊ शकणार नाही. जिथे दोन-दोन दिवस दुसरे जहाज दिसत नाही अशा पाण्यात हा फरक जीवन-मरणाचा आहे आणि या विषयावरच्या चर्चेत त्याला मिळते त्याहून खूप अधिक जागा मिळायला हवी.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१८ मध्ये आपले सगळे नियम या दृष्टीने तपासायला घेतले आणि २०२१ मध्ये ती तपासणी पूर्ण केली. त्यात स्वायत्ततेच्या चार पायऱ्या मानल्या गेल्या: माणसांना मदत करणारी स्वयंचलित यंत्रणा, माणसे जहाजावर असतानाचे दूरनियंत्रण, माणसे नसतानाचे दूरनियंत्रण आणि पूर्ण स्वायत्तता. त्यानंतर स्वायत्त जहाजांसाठी ठरलेल्या ऐच्छिक संहितेची मूळची २०२४ ची मुदत पुढे ढकलावी लागली आणि बंधनकारक संहिता १ जानेवारी २०३२ पासून लागू करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. नॉर्वेचे जहाज नॉर्वेच्याच पाण्यात चालते, त्यामुळे एका देशाच्या परवानगीवर त्याचे भागते. दोन देशांमधल्या प्रवासासाठी मात्र दोन्हीकडची बंदरे, विमा कंपन्या आणि न्यायालये यांनी एकच उत्तर मान्य केलेले असावे लागते.

हिशेब कुठे जुळतो

खर्चाच्या बाजूने पाहिले तर एक विलक्षण उलटी स्थिती दिसते. २०,००० हून अधिक कंटेनर वाहणाऱ्या अवाढव्य जहाजावर वीस-पंचवीस माणसे असतात. इंधनाच्या आणि भांडवलाच्या खर्चापुढे त्यांचे पगार किरकोळ ठरतात. त्यांना उतरवून वाचणारी रक्कम लहान आणि पत्करायचा धोका मात्र प्रचंड. मर्स्क या कंटेनर वाहतुकीतील बड्या डॅनिश कंपनीचे तेव्हाचे प्रमुख सोरेन स्कोउ यांनी २०१८ मध्येच सांगितले होते की ४०० मीटर लांबीची जहाजे माणसाविना फिरवण्याची परवानगी मिळेल असे त्यांना वाटत नाही आणि आपल्या कारकिर्दीत त्यातून कार्यक्षमता वाढेल असेही नाही. उलट १२० कंटेनरच्या जहाजावर, त्यातही नॉर्वेसारख्या महागड्या मजुरीच्या देशात, चार-पाच माणसांचा पगार भाड्याचा मोठा भाग खातो. म्हणजे आर्थिक गरज आणि तांत्रिक शक्यता या दोन्ही लहान, किनारी आणि ठराविक मार्गाच्या जहाजांपाशी एकत्र येतात.

तेथेही एक अट आहे. जहाजावरची माणसे किनाऱ्यावरच्या नियंत्रण केंद्रात बसवली तर पगार वाचत नाही, फक्त जागा बदलते. एका केंद्राने अनेक जहाजे सांभाळली तरच बचत होते. त्यासाठीच कोंग्सबर्ग आणि विल्हेल्मसेन ही नॉर्वेजियन नौवहन कंपनी यांनी २०१८ मध्ये मास्टर्ली ही संयुक्त कंपनी काढली आणि होर्टेन येथे असे केंद्र उभारले. किराणा मालाच्या वितरणातील आस्को या नॉर्वेजियन कंपनीच्या ‘मारित’ आणि ‘तेरेसे’ या दोन विद्युत नौकाही याच व्यवस्थेसाठी योजल्या गेल्या. ६७ मीटर लांबीच्या या नौका मॉस आणि होर्टेन यांच्यामध्ये ओस्लोफ्योर्ड ही खाडी ओलांडून प्रत्येकी १६ ट्रेलर नेतात. त्या बांधल्या गेल्या त्या कोचीन शिपयार्डमध्ये, आणि २०२२ मध्ये कोचीहून मोठ्या वाहक जहाजावर चढवून नॉर्वेला पाठवल्या गेल्या. या क्षेत्रात भारताचा सहभाग असा प्रत्यक्ष बांधणीचा आहे, याची दखल आपल्याकडे फार कमी घेतली गेली.

एकाच माणसाने किती पडदे पाहायचे, हा प्रश्न मात्र उरतोच. तासन्‌तास काही न घडणाऱ्या चित्राकडे पाहत राहणे आणि मग काही सेकंदांत परिस्थिती समजून घेऊन ताबा घेणे हे माणसाला फार कठीण जाते. जहाजाच्या कंपनांवरून, कलण्यावरून आणि इंजिनाच्या आवाजावरून कप्तानाला जे कळते, ते पडद्यावर येत नाही. त्यातच जहाजाशी असलेला संपर्क तुटण्याची आणि खोट्या संकेतांनी फसवले जाण्याची शक्यता असते. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळच्या वीसहून अधिक जहाजांची जीपीएस यंत्रे ती जहाजे गेलेंजिकच्या विमानतळावर उभी असल्याचे दाखवू लागली. ब्रिजवरच्या, म्हणजे सुकाणूघरातल्या, अधिकाऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिले आणि चूक ओळखली.

याराच्या प्रकल्पातला खरा लाभ कोठून आला, हे आता पाहू. वर्षाला सुमारे १,००० टन कार्बन डायऑक्साइडची बचत आणि ४०,००० ट्रकफेऱ्यांपासून सुटका ही दोन वचने दिली गेली होती. दोन्ही वचनांचा संबंध माल रस्त्यावरून पाण्यावर आणण्याशी आणि डिझेलऐवजी बॅटरी वापरण्याशी आहे. जहाजावर तीन माणसे असोत, पाच असोत की कोणीच नसो, या लाभात फरक पडत नाही. हे मी प्रकल्पाला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. स्वायत्ततेचे आकर्षण नसते तर कदाचित हे जहाज बांधलेच गेले नसते आणि अनुदानही मिळाले नसते. परंतु आपल्या किनाऱ्यावर किंवा नद्या-खाड्यांमध्ये असा प्रकल्प मांडला गेला, तर विद्युत जहाजाचा निर्णय आणि खलाशी उतरवण्याचा निर्णय वेगवेगळा घ्यावा. पहिला आज घेता येतो आणि त्यासाठी दुसऱ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

भारतीय नाविकांची संख्या अडीच लाखांहून अधिक आहे आणि जगभरच्या जहाजांवर ते काम करतात. त्यांत मुंबईचे आणि कोकणातले तरुण पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या विषयाची बातमी आली की त्यांच्या घरांतून पहिला प्रश्न नोकरीचा येतो आणि तो रास्त आहे. वरील सर्व कारणांमुळे महासागरी जहाजांवरच्या नोकऱ्यांना नजीकच्या काळात मोठा धोका दिसत नाही. ब्रिजवरची माणसे थोडी कमी होणे आणि कामाचे स्वरूप बदलणे अधिक संभवते. मला अधिक काळजी वाटते ती प्रशिक्षणाच्या साखळीची. दूरनियंत्रण केंद्रात आज बसतात ती समुद्रावर वर्षे काढलेली माणसे आहेत. होडीतल्या माणसाचा इरादा त्यांना पडद्यावरही ओळखता येतो, कारण त्यांनी तो प्रत्यक्ष पाहिलेला असतो. लहान किनारी जहाजे मनुष्यरहित झाली तर नवशिक्या अधिकाऱ्याला ही नजर कमावण्याची जागाच कमी होईल. नवी मुंबईतील टी. एस. चाणक्य किंवा मुंबईतील लालबहादूर शास्त्री महाविद्यालय यांसारख्या नौवहन प्रशिक्षण संस्थांना, आणि मुंबईतच मुख्यालय असलेल्या नौवहन महासंचालनालयाला, दूरनियंत्रकाच्या प्रमाणपत्रासाठी समुद्रावरची किती सेवा आवश्यक मानायची आणि ती कोणत्या जहाजांवर करायची, हे २०३२ च्या बरेच आधी ठरवावे लागेल.